ताम्रग्रहाचा गठ्ठा

१

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, दीड-दोनशे माणसांच्या डोळ्यांदेखत, ताम्रग्रहाच्या गठ्ठ्यातून लोहारा विभाग सहकारी ग्राहक भांडाराचा वार्षिक अहवाल निघाला. एक नव्हे, गठ्ठा भरेल इतक्या प्रती. भांडाराच्या स्थापनेपासून इतक्या लोकांनी अहवाल एकाच वेळी पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्यातल्या एकालाही आनंद झाला नाही.

लोक आले होते ते 'ताम्रग्रह'च्या दुसऱ्या भागासाठी. साल शहाऐंशी. या नावाचे दोन चित्रपट वर्षभरात तंबूच्या टॉकीजमधून गावात येऊन गेले होते. तांबड्या मातीचा एक ग्रह, तिथल्या विहिरी कोरड्या, आणि पाणी घेऊन येणाऱ्या यानाकडं डोळे लावून बसलेली तिथली माणसं, अशी ती गोष्ट. इतर ठिकाणी तिला विज्ञानकथा म्हणत. आठवड्यातून दोन-तीनदा टँकर येणाऱ्या लोहाऱ्यात लोकांना ती गावातल्याच कुणीतरी लिहिली असावी असं वाटलं. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी नायक कोरड्या विहिरीच्या तळाशी अडकतो आणि पडद्यावर अंधार होतो. पुढं काय झालं हे फक्त पुस्तकात छापलं होतं. पुण्याच्या प्रकाशकानं पुस्तकाच्या दोन आवृत्त्या काढल्या होत्या. मुलांची मोठ्या टायपात, चित्रांसकट. प्रौढांची बारीक टायपात, चित्रांविना. पहिल्या भागाच्या वेळी 'प्रौढांसाठी' हा शब्द वाचून काही प्रतिष्ठित गृहस्थांनी ती प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती, आणि आत खरोखरच विज्ञान निघाल्यामुळं दोघांनी ती परत आणून दिली होती. बाकीच्यांनी मात्र रात्रंदिवस वाचून काढली.

भांडारात पुस्तकांचं काउंटर काढण्याची कल्पना सुमनबाई बनसोडे यांची. नवरा प्राथमिक शिक्षक होता, तो वारल्यावर त्या तेलाच्या डब्यांशेजारी तात्पुरत्या म्हणून लागल्या आणि चार वर्षं तात्पुरत्याच राहिल्या. दुसरा भाग कसा खपतो ते पाहून येत्या शुक्रवारी त्यांना कायम करायचं की काउंटर बंद करायचं, हे संचालक मंडळ ठरवणार होतं.

हमाल बलभीम यानं गुदामातून गठ्ठा आणला, दोन्ही कान धरून काउंटरवर आपटला. सुमनबाईंनी कात्रीनं सुतळी कापली. तरट उघडलं. पांढऱ्या मुखपृष्ठावरून अध्यक्षांचा हसरा फोटो लोकांकडं बघू लागला.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, बाईनं इकली की काय पुस्तकं.

तेवढ्यात अध्यक्ष नानासाहेब तिथं येऊन पोचले. त्यांच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते आणि तोंडात नेहमीचं पहिलं वाक्य तयार होतं. "बंधूंनो, मी पाठीवर पोती वाहून इथवर आलेला माणूस आहे." पुतळ्याच्या अनावरणापासून जंतुनाशकाच्या प्रात्यक्षिकापर्यंत त्यांचं प्रत्येक भाषण याच वाक्यानं सुरू होई, त्यामुळं ते कुणाच्या कानावर पडत नसे. या वेळी मात्र पुढं एक प्रश्न होता.

"गुदामाची किल्ली कुणाकडं होती?"

दीड-दोनशे तोंडं वळली.

"माझ्याकडं," सुमनबाई म्हणाल्या.

२

सहकारात काही हरवलं की ते शोधत नाहीत, समिती नेमतात. संध्याकाळी तातडीची बैठक झाली आणि एकसदस्य चौकशी समिती नेमली गेली. तो सदस्य म्हणजे शिवकांताबाई. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळावर महिला प्रतिनिधी. तीन वर्षांत त्या बैठकीत दोनदा बोलल्या होत्या, त्यातही एकदा पंखा बंद करा म्हणून. त्यांना निवडण्याचं कारण उघड होतं. व्यवस्थापकानं अहवालाचा मसुदा आधीच टाइप करून ठेवला होता. 'किल्ली सदर महिलेकडे असल्याने' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. बाईंनी फक्त सही करायची, शुक्रवारी सुमनबाईंना काढायचं आणि शनिवारी पोलिसात फिर्याद द्यायची.

बाईंनी मसुदा वाचला, त्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि सही न करता घडी घालून ठेवला.

सोमवारी सकाळी त्या भांडारात गेल्या. सुमनबाई काउंटरमागं उभ्या होत्या. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि घरी जा असंही कुणी म्हणालं नव्हतं. सकाळी टँकरच्या रांगेत त्यांची घागर कुणीतरी मुकाट्यानं मागं सरकवली होती. सांगताना त्यांचा आवाज सरळ होता, हात मात्र काउंटरची एकच कड पुसत होते.

"नोकरी गेली तर जाऊ द्या, बाई. रोजगार हमीवर खडी फोडीन. पण चोर म्हणून गेले तर माझ्या सासूला या गावात पाणी कोण भरू देईल?"

बाईंनी धीर दिला नाही. त्या शिक्षिका होत्या. त्यांनी गुरुवारपासून सगळं क्रमानं सांगायला लावलं.

गुरुवारी दुपारच्या एसटीनं गठ्ठा आला. सुमनबाई आणि बलभीम स्टँडवर गेले. गठ्ठा घट्ट, चौकोनी, चारी बाजूंनी सपाट शिवलेला. धरायला काही नव्हतं म्हणून बलभीम पुणेकरांच्या नावानं बोटं मोडत, लेकरू कवळ्यात घ्यावं तसा छातीशी धरून तो गुदामात घेऊन आला. सुमनबाईंनी कुलूप लावलं. किल्ली कमरेला. शुक्रवारी भांडाराची सुट्टी. शनिवारी गुदाम उघडायचं काम पडलं नाही. रविवारी उघडलं तर गठ्ठा जागच्या जागी, तरटावर निळ्या शाईत भांडाराचा पत्ता, सगळं तसंच.

"कुलपाला दुसरी किल्ली?"

दुसरी किल्ली अध्यक्षांच्या खोलीत टेबलाच्या खणात असते. खणाला कुलूप नाही. खोलीत व्यवस्थापक बसतो, संचालक बसतात, आणि समोरचा पुस्तकविक्रेता सोमलिंग रोज चहाला येऊन बसतो. म्हणजे ती किल्ली साऱ्या लोहाऱ्याची होती, फक्त हे रविवारी कुणाला आठवलं नाही.

बाईंनी तरट मागवलं. ते कोपऱ्यात पडलं होतं. सुमनबाईंनी मधला टाका कापला होता, दोन्ही टोकं शाबूत होती. बाईंनी ते काउंटरवर पसरलं आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

दोन्ही कोपऱ्यांना तरटाची एकेक मूठ पिळून, सुतळीनं आवळून बांधलेली होती. ज्वारीचं पोतं उचलायला हमाल ठेवतात तसे कान.

"सुमनबाई," त्या म्हणाल्या, "रविवारी बलभीमनं गठ्ठा कसा आणला?"

सुमनबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गुरुवारी या गठ्ठ्याला कान नव्हते.

३

व्यवस्थापक शिवलिंगप्पा बी.कॉम. होता आणि याची तो दर दहा मिनिटांनी आठवण करून देई. त्यानं बाईंना खुर्ची दिली, अक्का म्हणाला, कन्नडमधून प्रकृती विचारली आणि मराठीतून काम सुरू केलं. चौकशी कशाला वाढवता, असं त्याचं म्हणणं. गोष्ट सरळ आहे.

"त्यांच्या हाती किल्ली दिली तवाच मी बोललो होतो, अक्का."

"त्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

शिवलिंगप्पानं टेबलावरचा पेपरवेट फिरवला.  बाईंनी तो थांबायची वाट पाहिली. मग तो म्हणाला, तात्पुरत्या लोकांच्या.

शुक्रवारी तो उमरग्याला मेहुण्याच्या लग्नात होता, शनिवारी हळद उतरायला. लग्नाचे साक्षीदार चारशे. अहवालाच्या प्रती अध्यक्षांच्या खोलीमागच्या पडवीत होत्या, तिथं दारच नाही. त्यातल्या किती कमी झाल्या हे त्याला माहीत नव्हतं, कारण कमी व्हाव्यात अशीच सगळ्यांची इच्छा असे. सुमनबाई गेल्या तर त्या जागी कोण येणार, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की अजून ठरलेलं नाही. फक्त अध्यक्षांच्या बहिणीचा मुलगा अर्ज करून गेलाय, आणि तो बहुधा लागेल.

सोमलिंग आपल्या दुकानात गाइडांच्या ढिगाआड बसला होता. ताम्रग्रहाची एजन्सी त्यानंही मागितली होती, प्रकाशकानं भांडाराला दिली. त्याला वाईट वाटलं का? सोमलिंग म्हणाला, त्यात वाईट काय वाटायचं.

"विज्ञान आमच्याकडं बी हाय की, बाई. इयत्ता नववीचं. तेला कुणी रांग लावीना, ह्यात माझा काय दोष?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, समजा ती पुस्तकं तुमच्या हाती लागली असती तर? सोमलिंगनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं की रविवारी लोक रिकाम्या हातानं परतत होते, तेव्हा त्यातले निम्मे त्याच्या दुकानावरून गेले. हातात माल असता तर त्या दिवशी दुप्पट भावानं विकला असता. चोरानं तो विकला नाही. अख्ख्या जिल्ह्यात, पार धाराशिवच्या एसटी स्टँडपर्यंत, दुसऱ्या भागाची एक प्रत कुठं विकायला आलेली नाही. त्यानं स्वतः चौकशी केली होती. सोमलिंगला चोराचा राग नव्हता, चोराच्या धंद्यातल्या अज्ञानाची कीव येत होती.

हे बोलणं बाईंच्या मनात घर करून बसलं. गुदामाची किल्ली हाती असलेल्या चोरानं पुस्तकं उचलावीत आणि चालू लागावं. यानं तसं केलं नाही. त्यानं टाका उसवला, पुस्तकं काढली, तेवढ्याच वजनाचे अहवाल भरले, तेच तरट पुन्हा शिवलं आणि गठ्ठा जागेवर ठेवला. म्हणजे चोरी शुक्रवारी किंवा शनिवारी कळू नये, ती रविवारीच कळावी. भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, सुमनबाईंच्या हातातल्या कात्रीखाली.

चोराला पुस्तकं नको होती. त्याला चोरी हवी होती.

आणि तो चोर पोतं शिवणारा होता. बाई भांडारात परतल्या आणि बलभीमला बोलवा म्हणाल्या. शिवलिंगप्पानं विजयी चेहऱ्यानं सांगितलं की बलभीम काल दुपारपासून गावात नाही.

४

बुधवारी तो सापडला. जळकोटला बहिणीच्या घरी, हायवेपासून जरा आत, बाभळीखाली बाजेवर. बाई जीपमध्ये चौदा माणसांबरोबर बसून गेल्या होत्या आणि त्यांच्या पिशवीत ते तरट होतं. त्यांना पाहून बलभीम उठला, पळाला नाही, कारण पळायला त्यांच्याच अंगावरून जावं लागलं असतं.

तो म्हणाला, कान त्यानं रविवारीच पाहिले होते. हातात धरल्यावर कळलं, पण तोवर गठ्ठा काउंटरवर आपटून झाला होता. पुढं जे निघालं ते पाहून त्याचं पाणी पाणी झालं. गावात पोतं शिवणारा एकच, तो म्हणजे बलभीम. कुणाला काय सांगायचं? म्हणून मिळाली ती एसटी धरली.

"सुमनबाईंवर आळ आला, ते बघून गेलात," बाई म्हणाल्या.

बलभीमनं बाजेची दोरी चाचपली. "व्हय," तो म्हणाला. "म्या भ्यालो."

बाईंनी तरट त्याच्या पुढं टाकलं. त्यानं हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं, आणि त्याची मान हळूहळू वर आली. भ्यालेला माणूस आपल्या कामाचं काही बघतो तेव्हा भीती थोडा वेळ बाजूला बसते.

"ही माझी शिलाई न्हाय, बाई. माझ्या कानाला दोन वेढं. हितं बगा, तीन हायत. आन् सुतळीचं टोक उलट्या अंगानं आत खोचलंय. मी गाठ मारतो."

"मग कुणाची?"

"लातूरच्या गंजातली, धान्य बाजारातली. रुद्राप्पा मुकादमाची टोळी हुती तिथं. कुणाचं पोतं कुणी शिवलं ते कळाया पायजे म्हणून दर मुकादमाची शिलाई येगळी असायची. माझा बाप तेच्याच हाताखाली हुता, तवा बघितली. आता ती टोळी बी न्हाय, मुकादम बी न्हाय. तीस वर्सं झाली आसतील."

त्या टोळीतला लोहाऱ्यात कोण आहे, असं बाईंनी विचारलं. बलभीमनं बोटं मोजली. एक वारला, एक पुण्याला गेला, एकाचं नाव आठवेना. लोहाऱ्यात कुणी नाही, असं तो शपथेवर सांगायला तयार होता.

परतीच्या जीपमध्ये बाई एकेक माणूस मनातल्या मनात वगळत होत्या. शिवलिंगप्पाचे हात लेखणीशिवाय कशाला लागले नव्हते. सोमलिंग पुस्तकांच्या पुड्याची गाठ सोडायलाही गिऱ्हाइकाला सांगे. बलभीम नव्हे. सुमनबाईंना शिवता येई ते झंपर. मग उरलं कोण?

जीप लोहाऱ्यात शिरली तर स्टँडजवळ मांडव पडला होता. पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन. टाकीत पाणी नव्हतं, पण ध्वनिक्षेपक होता, आणि त्यावरून नानासाहेब बोलत होते. मांडवातली माणसं आपापसात गप्पा मारत होती, एकजण तंबाखू मळत होता, पहिल्या रांगेतले सरपंच डोळे मिटून होते.

"बंधूंनो, मी पाठीवर पोती वाहून इथवर आलेला माणूस आहे."

शिवकांताबाई थांबल्या. सबंध मांडवात ते वाक्य ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

५

शुक्रवारी दुपारी तीनला बैठक सुरू झाली. नऊ संचालक, दोन पंखे, त्यातला एक चालू. विषय क्रमांक चार, चौकशी समितीचा अहवाल. सुमनबाईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. फिर्यादीचा कागद शिवलिंगप्पापुढं तयार होता, त्यावर फक्त तारीख घालायची राहिली होती.

बाईंच्या हातात कागद नव्हता. त्यांच्या पायाशी एक पिशवी होती आणि शेजारी तरटाचं एक रिकामं पोतं, त्यात जुने अहवाल भरलेले. त्या म्हणाल्या, समितीचं काम जवळजवळ पूर्ण झालं आहे, एकच बाब राहिली. गठ्ठा मध्ये कुणीतरी उसवून पुन्हा शिवला होता. त्याला किती वेळ लागतो हे पाहायचं आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हे काम होतं की नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. दाभण आणि सुतळी त्यांनी आणली होती. बलभीम गावात नाही. कुणाला पोतं शिवता येतं?

संचालक एकमेकांकडं बघू लागले. सगळे शेतकरी, पण पोतं शिवायला त्यांच्याकडं माणसं होती. कोपऱ्यातले गुरुसिद्धप्पा, ज्यांना अध्यक्षपदानं दोनदा हुलकावणी दिली होती, खाकरले.

"अध्यक्षांना येत असंल की. पाठीवर पोती वाहिली म्हणतेत."

दोघं हसले. तिसऱ्यानं रुमाल तोंडाला लावला.

"ते भाषणातलं असतंय हो," गुरुसिद्धप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. "ते असं शब्दशः घेऊ नये. आमचे आजोबा बी भाषणात रझाकारांशी लढले हुते. घरी विचारलं तर म्हणायचे, तवा मी ज्वारीत लपलो हुतो."

आता सगळेच हसले. शिवलिंगप्पासुद्धा, अध्यक्षांकडं न बघता. नानासाहेबांच्या मानेवर एक शीर उभी राहिली. तेवीस वर्षं ते हे वाक्य बोलत होते आणि तेवीस वर्षं ही माणसं मान डोलवत होती. ती कशासाठी डोलवत होती, ते त्यांना आता कळलं. त्यांच्या सगळ्या भाषणात खरं वाक्य हे एकच होतं आणि नेमकं तेच कुणी खरं मानलं नव्हतं.

"दाभण द्या हिकडं," ते म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले, धोतर वर खोचलं आणि पोत्यासमोर उकिडवे बसले. पहिला टाका घालेपर्यंत ते अध्यक्ष होते. नंतर कुणी दुसराच माणूस तिथं बसला होता. दाभण आत जात होतं, बाहेर येत होतं, सुतळी सपकन ओढली जात होती, टाके मोजून मापून पडत होते. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. गुरुसिद्धप्पा पुढं वाकले होते. काम इतकं देखणं होतं की बाईंनाही क्षणभर वाटलं, याला थांबवावं.

नानासाहेब कोपऱ्याशी आले. तरटाची मूठ पिळली. सुतळीचा एक वेढा. दुसरा.

तिथं त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली. बाई पिशवीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि वर्गात फळ्याकडं बघावं तशा त्या त्यांच्या बोटांकडं बघत होत्या. त्या नजरेवरून त्यांना कळलं. किती कळलं, कोणत्या धाग्यानं कळलं, ते नाही, पण हे पोतं वेळ मोजायला आणलेलं नाही, एवढं कळलं. दोनच वेढ्यांवर गाठ मारून उठता आलं असतं.

खोलीत आठ संचालक होते आणि त्यांनी आता कुठं त्यांच्यावर विश्वास ठेवायला सुरुवात केली होती.

नानासाहेबांनी तिसरा वेढा घातला, टोक उलट्या अंगानं आत खोचलं आणि दाभण खाली ठेवलं. "रुद्राप्पा मुकादमाची टोळी," ते म्हणाले. "लातूरचा गंज. अकरा वर्सं."

बाईंनी पिशवीतून रविवारचं तरट काढलं आणि शेजारी ठेवलं. दोन कान, शेजारी शेजारी. एका आईच्या दोन लेकरांसारखे.

मग त्यांनी सांगितलं, थोडक्यात. गुरुवारी गठ्ठ्याला कान नव्हते, हे स्टँडवरच्या चौघांनी पाहिलंय. जो उचलण्यासाठी बांधतो त्यालाच कान ठेवायची सवय असते. हा गठ्ठा कुणी उचलावा म्हणून शिवलेला नव्हता, तरी हातांनी कान ठेवले, कारण हातांना दुसरं येत नाही. दुसरी किल्ली अध्यक्षांच्या खणात. अहवाल त्यांच्या पडवीत. पुस्तकं विकली गेली नाहीत, कारण ती विकायची नव्हती, एक जागा रिकामी करायची होती. त्या जागेसाठी अर्ज कुणाचा आहे ते व्यवस्थापकांना ठाऊक आहे.

शिवलिंगप्पानं फिर्यादीचा कागद उलटा करून ठेवला.

"पुस्तकं कुठं आहेत, नानासाहेब?"

"घरी. कणगीत." ते अजून उकिडवेच होते. "यंदा रिकामीच हाय. बहीण रोज येऊन रडती हो, बाई. पोरगं तिशीला आलं."

 एक पंखा फिरत राहिला.

६

त्यानंतर मंडळानं जे केलं ते सहकाराला शोभेसं होतं. अर्ध्या तासात ठराव लिहून झाला. 'सदर गठ्ठा नजरचुकीने अन्यत्र ठेवला गेल्याचे निष्पन्न झाल्याने विषय निकाली काढण्यात येत आहे. श्रीमती बनसोडे यांना सेवेत कायम करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.' गुरुसिद्धप्पांनीही हात वर केला. अध्यक्ष त्यांच्या मुठीत आले होते, त्यांना खाली ओढण्यापेक्षा तिथं ठेवणं अधिक सोयीचं होतं. बाईंनी हात वर केला नाही. त्या म्हणाल्या, आधी सुमनबाईंना आत बोलवा.

सुमनबाईंनी ठराव उभ्यानंच वाचला. 'कायम' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द शाई वाळायच्या आत त्यांच्या हातात होता. बाहेर पुन्हा टँकरची वेळ होत आली होती.

"नजरचूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

शिवलिंगप्पा म्हणाला, आता त्या तपशिलात कशाला जायचं. कायम झालात, पेढे वाटा.

सुमनबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि जरा पुढं सरकवला.

"साहेब, माझं नाव बाजारात गेलं. ते तुमच्या बुकातून परत येत न्हाय. जिथनं गेलं तिथंच आणून द्या. रविवारी, साडेनऊला, त्याच माणसांपुढं. मग मी सही करते. न्हाय तर हा कागद राहू द्या, आन् सोमवारी फिर्याद मी देते."

"अहो, अध्यक्षांची इज्जत..." एक संचालक म्हणाला.

"व्हय," सुमनबाई म्हणाल्या. "तीच म्हणते मी."

सगळे नानासाहेबांकडं बघू लागले. ते आपल्या तळहातावर सुतळीनं उमटलेली तांबडी रेघ अंगठ्यानं चोळत होते. होय किंवा नाही, काहीच न बोलता ते उठून गेले. शनिवारचा दिवस तसाच गेला. सुमनबाईंनी फिर्याद लिहून, घडी घालून उशीखाली ठेवली, आणि त्यांच्या सासूबाई भिमाबाई रात्रभर त्या उशीला राखण बसल्यासारख्या जाग्या राहिल्या.

रविवारी गर्दी मागच्यापेक्षा जास्त होती. पुस्तकं येणार म्हणून निम्मे आले होते, काय घडतं ते बघायला निम्मे. साडेनऊ वाजून गेले. पाच मिनिटं. दहा. शिवकांताबाई पिंपळाच्या पारावर बसून होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्या अनुपस्थित विद्यार्थ्याची काळजी वाटत होती.

पावणेदहाला बैलगाडी आली. गठ्ठा आणि नानासाहेब त्याच गाडीत होते. ते उतरले, काउंटरपाशी आले आणि लोकांकडं तोंड करून उभे राहिले. लोकांनी सवयीनं आपापसात बोलायला सुरुवात केली. पण नेहमीचं पहिलं वाक्य आलं नाही, तेव्हा एकेक जण गप्प होत गेला.

"पुस्तकं म्या नेली हुती," ते म्हणाले. "बाईंनी न्हाय."

"ऐकू आलं न्हाय," मागून एक म्हातारा ओरडला. त्याला खरोखरच ऐकू येत नसे.

नानासाहेबांनी सुमनबाईंकडं बघितलं. त्या जागेवरच उभ्या होत्या. नानासाहेबांनी घसा साफ केला आणि तेच वाक्य ध्वनिक्षेपक नसताना त्याच्याच आवाजात पुन्हा म्हटलं. ते चांभारवाड्यापर्यंत गेलं. गर्दीत उभ्या असलेल्या भिमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आपली घागर उचलून, पुढच्या बायकांना बाजूला व्हा म्हणत, टँकरच्या रांगेत मधेच जाऊन उभ्या राहिल्या. कुणी मागं सरकवली नाही.

नानासाहेब अजून काउंटरसमोरच उभे होते. पुढं काय करायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"जरा बाजूला व्हा," सुमनबाई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

ते बाजूला झाले. सुमनबाईंनी शिवलिंगप्पानं पुढं केलेल्या कागदावर सही केली, गठ्ठ्यातून दोन प्रती काढून दोन हातांत धरल्या आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं, "बोला. लेकरांची देऊ, का मोठ्यांची?"